डाव्या तोंडाचा शंख

"आधी भिंग, मंग तोंड," असं म्हणत मॅडम डाव्या हातानं भिंग पुढं सरकवायच्या. बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर, दर जूनला बोलावणं आलं तर, प्राणिशास्त्र शिकवत. मी प्रयोगशाळेत परिचर. डाव्या हातानं दिलेली वस्तू घेताना भलेभले कसे अवघडतात, तुम्हीही पाहिलं असेल. मॅडमना त्याचीच गंमत वाटायची.

समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, सहलीत. बाकीच्यांनी मालवणहून काजू आणले, यांनी डबाभर वाळू. चहाच्या गाळणीनं ती चाळून त्यांनी तांदळाच्या कणीएवढे शंख वेचले. उंच, निमुळते, प्रत्येक वेढ्यावर बारीक मण्यांच्या ओळी.

"पाहा भाऊ, बहुतेक शंख उजवीकडं वळतात. हा डावीकडं, म्हणून तोंडही डावीकडं. जातच तशी हाय याची. शाळेत माह्या डाव्या हातावर पट्ट्या बसल्या. याले कोण मारन?"

कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती. मॅडमनी त्या शंखाचा मोठा तक्ता रंगवला. टोक वर, तोंड डावीकडं. विभागप्रमुख सर पाहून हसले.

"तुम्ही डावखुऱ्या, म्हणून चित्र उलटं झालं. तोंड उजवीकडं करा."

मॅडमनी शंख आणि भिंग पुढं केलं. सरांनी बराच वेळ पाहिलं.

"असंन. पण समिती भिंग घेऊन थोडीच येते? त्यायले चूकच वाटंन. पुढच्या वर्षी तासिका पाह्यजेत ना तुम्हाले?"

"पाह्यजेत सर. लय पाह्यजेत," मॅडम म्हणाल्या. "पण तोंड डावीकडंच राहीन."

समिती आली, चहा घेतला, दारातून डोकावली आणि गेली. तक्त्याकडं कोणी पाहिलंसुद्धा नाही. जूनमध्ये मॅडमना मात्र बोलावणं आलं नाही. एवढी जीव ओतून शिकवणारी बाई एका कणीएवढ्या शंखापायी घरी बसवली, याचा मला अजून संताप येतो. त्या आता देऊळघाटला शिकवण्या घेतात. भेटल्या तर म्हणतात, "मी काऊन बदलू? शंख बदलला का?"

त्याच जूनमध्ये सरांनी मला फर्मावलं, "तो तक्ता काढून टाक."

आता दुसरा हिवाळा लागला. सर रोज दारातून विचारतात, "काढला का रे?"

तक्त्याखाली शिडी भिंतीला लावलेलीच असते. मी अदबीनं उठून उभा राहतो.

"काढून राह्यलो, सर."