पत्र्यावरची लवकी

चहा घ्या आधी, गार होतोय. बिस्किटंही घ्या. बाजारची आहेत, मी केलेली नाहीत. हे मुद्दाम का सांगतो ते पुढे कळेलच. आणि सगळं ऐकून झाल्यावर पुन्हा माझ्याकडे यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी राग मानणार नाही. राग मानायचा माझा हक्क त्याच दिवशी गेला.

चुका सगळ्यांच्याच हातून होतात हो. पण वस्तीतल्या सगळ्या जातीधर्मांना एकाच दुपारी, एकाच पंगतीत, अगदी सारखंच आजारी पाडणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? नाही ना? मग नीट पाहून घ्या.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. जरीपटक्याच्या पलीकडे, घरं विरळ होऊन शेतं सुरू व्हायची तिथे एक सरकारी प्राथमिक शाळा होती. मी तिथला हेडमास्तर. आता तुम्ही म्हणाल, वनस्पतीशास्त्रातली डॉक्टरेट घेतलेला माणूस पहिली ते चौथीच्या शाळेत काय करत होता? मलाही तेव्हा हाच प्रश्न पडायचा. कॉलेजात शिकवायचो मी आधी. पण मिसरूड फुटलेली पोरं समोर बसली की माझा घसा कोरडा पडायचा. लहान मुलं तरी आपल्याला घाबरतील, अशा आशेने इकडे आलो. तीही घाबरली नाहीत.

शाळेला वीज नव्हती. नळाला पाणी यायचं, पण त्याच्या मनाला येईल तेव्हा. वर पत्र्याचं छप्पर. पत्रा तापला की खाली पोरांची भाकरी भाजायची. मग मी पत्र्यावर लवकीचे वेल चढवले. लवकी म्हणजे तुमचा पुण्याकडचा दुधी. मुलांनी हात धुतलेलं पाणी नालीतून थेट वेलांच्या मुळाशी. पालापाचोळा खड्ड्यात, खड्ड्यातलं खत पुन्हा वेलांना. वर्गात हिरवी सावली पडायची. हल्ली याला पर्यावरणपूरक शाळा म्हणतात आणि पाहायला पाहुणे येतात. आमच्या वेळी याला नुसतं गैरसोय म्हणत, आणि पाहायला कुणी येत नसे.

मुलं मात्र सगळ्या मुलखांतली. जरीपटक्याचे सिंधी, मागच्या बौद्ध वस्तीतली, शेजारच्या खेड्यातली कुणब्यांची, वीटभट्टीवर आलेल्या छत्तीसगढी मजुरांची, मुसलमान विणकरांची. एकमेकांच्या भाषेतल्या शिव्या त्यांना एका आठवड्यात यायच्या. त्यांचं उत्तम चाललं होतं. अडचण होती ती पालकांची.

खेड्यातले नथ्थूजी हे कुणब्यांतलं वजनदार प्रस्थ. त्यांना आपल्या पोरांसाठी वेगळा माठ हवा होता. मी नाही म्हटलं. म्हणजे, आधी दोन रात्री झोपलो नाही आणि मग नाही म्हटलं. त्यांनी पोरं काढून घ्यायची धमकी दिली. ती बातमी वरच्या साहेबांपर्यंत गेली. साहेब आधीच त्या इमारतीवर डोळा ठेवून होते; जकात नाक्याला गोदाम हवं होतं.

"हे बघा हेडमास्तर," साहेब म्हणाले, "पालकच जर एकत्र नांदत नसतील तर शाळा चालवून काय उपयोग? मुलांना इकडेतिकडे वाटून देऊ."

"साहेब, नांदतात हो! तुम्ही या. सगळे एका पंगतीत जेवताना दाखवतो."

हे मी बोललो! माझ्या तोंडून इतकं ठाम वाक्य पूर्वी कधी निघालं नव्हतं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "पंगतीत बसवणारे तुम्ही?" बस, एवढंच.

पण शाळा वाचवायची तर आता पंगत होणं भागच होतं. स्वयंपाक कुणी करायचा? बौद्ध वस्तीतल्या फुलाबाई पुढे आल्या. त्यांची मुलगी तिसरीत होती, आणि शाळा गेली तर दुसरी शाळा रेल्वेचे रूळ ओलांडून. फुलाबाईंनी स्पष्ट सांगितलं, "गुरुजी, तिकडं मी पोरीले पाठवनार नाही. ही शाळा गेली का तिचं शिक्षण गेलं. म्या रांधतो. पाहू कोण कोण जेवते ते." मदतीला गोपीभाभी नावाच्या एक सिंधी बाई. भाजी कसली? पत्र्यावरची लवकी! शाळेच्याच वेलाची, शाळेच्याच पाण्यावर वाढलेली. मला तर वाटलं, याहून सुंदर काही असूच शकत नाही.

मी नथ्थूजींना बोलवायला गेलो. ते ओट्यावर बसून सुपारी कातरत होते.

"येतो ना मास्तर, काहून नाही येनार? पन एक सांगून ठेवतो. रांधता रांधता बाया चाखून पाहतात. ते झालं उष्टं. उष्टं आमी खात नाही. मंग ऐनवेळी उठलो तर मले बोल लावू नका."

त्यांना उठायला निमित्त हवं होतं, हे माझ्यासारख्याच्याही लक्षात आलं. मी म्हटलं, ठीक आहे, निमित्तच ठेवत नाही!

आणि इथे मंडळी, मी माझ्या आयुष्यातला सर्वांत कडक नियम केला. स्वयंपाकात कुणीही, काहीही चाखायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेमागे चुली पेटल्या. मी फळ्यावर नकाशा दाखवायची छडी घेऊन उभाच होतो. फुलाबाईंनी पहिली लवकी कापली, देठाकडचा चकता उचलला आणि तोंडाकडे नेला.

"अं हं!" मी छडी पुढे केली.

"अवो गुरुजी, लवकीचा चकता चाखा लागते जी. समदेच चाखतात."

"आज नाही."

"मास्टरजी, लौकी है," गोपीभाभी म्हणाल्या, "हमारे यहाँ भी चखते हैं."

"चखते होंगे. आज नहीं."

तेवढ्यात पोळ्या लाटायला आलेली माझी बायको म्हणाली, "अहो, मीही चाखते. रोज."

"रोजचं रोज. आज शाळेचा प्रश्न आहे!"

"मंग मीठ तरी पाहू द्या," फुलाबाई म्हणाल्या.

"मीठ मोजून घाला!"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. तीन भाषांच्या तीन बायका, आणि तिघींच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल एकच मत. पुढे जे एकमत होणार होतं त्याची ती सुरुवात होती, पण मला कुठलं कळायला?

लवकी आणि चण्याची डाळ, मोठा गंजभर, म्हणजे पातेलंभर. वास असा सुटला की मुलं खिडक्यांतून लोंबकळायला लागली. मुलांची पंगत मागून होती. मी देव मानत नाही. पण तेवढ्या एका गोष्टीपुरता मानतो.

साहेब आले. पळसाच्या पत्रावळी मांडल्या. साहेबांच्या एका बाजूला नथ्थूजी, दुसऱ्या बाजूला गोपीभाभींचे यजमान, पुढे विणकर, भट्टीवाले, वस्तीतले लोक, सगळे एका ओळीत. नथ्थूजींनी बसता बसता विचारलं, "कोनी चाखलं तं नाही ना?"

"देवाशपथ नाही!" मी म्हणालो. (म्हणजे बघा, देव मी त्या दिवशी दोनदा मानला.)

फुलाबाईंनी स्वतः वाढलं. साहेबांनी पहिला घास घेतला.

आणि थांबले.

त्यांनी घास गालात धरून गोपीभाभींच्या यजमानांकडे पाहिलं. नंतर त्यांनीच मला सांगितलं, त्यांना वाटलं ही सिंधी पद्धतीची भाजी असावी. गोपीभाभींच्या यजमानांना वाटलं, महाराष्ट्रीय लोक कारल्यासारखी लवकी करत असतील. विणकरांना वाटलं, हिंदूंच्या कुठल्याशा व्रताची असेल. कुणी कुणाच्या जेवणाला नावं ठेवू नयेत, असं मी महिनाभर प्रत्येक पालकसभेत घसा फोडून सांगत होतो. नेमकं तेवढंच त्यांनी ऐकलं होतं!

मी पाहत होतो फक्त नथ्थूजींकडे. त्यांनी दुसरा घास उचलला. हात तोंडाजवळ गेला, तिथेच राहिला आणि हळूहळू खाली आला.

फुलाबाई गंजाशेजारी उभ्या होत्या. त्यांनी तो खाली आलेला हात पाहिला. त्यांचा चेहरा असा पडला हो, की तो आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. हळूच म्हणाल्या, "मले मालूम होतं गुरुजी. जाऊ द्या."

जाऊ द्या? आता कसं जाऊ द्यायचं! माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. आयुष्यभर कुणापुढे आवाज न चढवलेला माणूस मी, त्या दिवशी पंगतीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

"नथ्थूजी! हात काहून थांबला?"

"मास्तर, तसं नाही…"

"तसंच आहे! या माउलीने पहाटेपासून चूल फुंकली. तिच्या हातचा घास तुमच्या घशाखाली उतरत नाही?"

"हेडमास्तर," साहेब घास सावरत म्हणाले, "अहो, भाजी जरा…"

"भाजीचं नाव पुढे करू नका साहेब! पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी भाजीचंच नाव पुढे केलं आहे!"

आहाहा! काय वाक्य! मी स्वतःच शहारलो. कॉलेजात असा एकदा जरी बोललो असतो तर तिथूनच सन्मानाने निवृत्त झालो असतो. मग मी थांबतोय कसला? माणुसकी झाली, समता झाली, पुढच्या पिढीचं भविष्य झालं. नथ्थूजींच्या कानशिलापर्यंत लाली चढली. त्यांनी पत्रावळ पुढे सरकवली.

"वाढा बाई," ते म्हणाले. "भरपूर वाढा."

आणि खाल्लं हो त्यांनी! सगळं. डोळे मिटून, मान खाली घालून. ते पाहून बाकीचेही मागे कसे राहतील? सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. साहेबांनीही. नाही घेतलं तर उद्या बदनामी त्यांची होणार. पंगतीत एकेकाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, माझं भाषण भिडलं! फुलाबाईंनी पदराने डोळे पुसले, मीही पुसले. शाळा वाचली होती. जकात नाक्याने दुसरीकडे गोदाम शोधावं!

"आता तुमी बसा गुरुजी," फुलाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता. "माह्या हातानं वाढतो."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी हसत हसत मोठा घास घेतला.

मंडळी, मी थुंकलो.

ठरवून नाही हो! जिभेने माझं मत विचारलंच नाही. कडू म्हणजे किती कडू? क्विनाइन त्याच्यापुढे साखर. भर पंगतीत, समतेवर पाऊण तास बोललेला मी, फुलाबाईंच्या हातचा घास सगळ्यांदेखत बाहेर टाकून बसलो.

नथ्थूजी, रुमालाने तोंड पुसत, अगदी शांतपणे म्हणाले, "काहून मास्तर? बाईनं रांधलं म्हनून?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात साहेब पोट धरून उठले. मग त्यांच्यामागून एकेक जण उठला. मुलांसाठी राखलेली भाजी बायकोने तशीच खड्ड्यात ओतली. पुढचं वर्णन चहासोबत करण्यासारखं नाही.

संध्याकाळी सरकारी दवाखान्यात अख्खी पंगत ओळीने खाटांवर. जिवाला धोका नव्हता, पण जीव नकोसा झाला होता. तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"कडू लवकी विषारी असते, माहीत नाही का? बी कुठलं होतं?"

"गेल्या वर्षीच्या आमच्याच लवकीचं. शेजारी कडू तुंब्याचा वेल होता. भट्टीवरच्या लोकांना पाणी न्यायला तुंबा लागतो, म्हणून मीच लावला होता. सगळ्यांची संस्कृती जपावी म्हणून. त्याचा पराग लवकीला लागला असणार."

"म्हणजे कळतंय तुम्हाला! शिक्षण काय तुमचं?"

"वनस्पतीशास्त्रात डॉक्टरेट."

"विषय?"

मी खाली पाहिलं. "भोपळवर्गीय वेलींचं परागीभवन."

डॉक्टरांनी मलाच एक खुर्ची दिली आणि पाणी मागवलं.

चार दिवसांनी, साहेब कामावर आले असं कळल्यावर मी त्यांच्या कचेरीत गेलो. हात जोडून सांगायचं होतं, चूक माझी आहे, शाळेवर राग काढू नका. वर पोचलो तर व्हरांड्यातल्या बाकावर आधीच मंडळी बसलेली. नथ्थूजी, त्यांच्या शेजारी फुलाबाई, मग गोपीभाभी, त्यांचे यजमान, विणकर, भट्टीवाले. एवढ्याशा बाकावर खांद्याला खांदा लावून, अशी दाटी की मधून वारा जाणार नाही! पालकसभेत मी कितीदा विनवलं होतं, जरा जवळ जवळ बसा. कधी बसले नव्हते.

साहेब बाहेर आले. अजून पिवळटच दिसत होते. "काय म्हणणं आहे तुमचं?"

नथ्थूजी म्हणाले, "शाळा बंद करू नका जी. पोरं आमची कुठंच जाऊन नाही राहिली. माठबी एकच चालते. फकस्त मास्तर बदला."

"सगळ्यांचं हेच म्हणणं आहे?"

"सब का," गोपीभाभी म्हणाल्या.

मी आशेने फुलाबाईंकडे पाहिलं. त्या जरा विरघळल्यासारख्या वाटल्या. "गुरुजी मानूस लई चांगले आहेत जी साहेब," त्या म्हणाल्या. मला हुंदका आला. "फकस्त दूर पाठवा."

साहेबांनी थोडा विचार केला. "पारशिवनीकडे एक जागा रिकामी आहे. चालेल?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर सगळा बाक एका सुरात म्हणाला, "चालेल!"

साहेब आत गेले. कागद तयार व्हायला वेळ होता. मला वाटलं, थोडं टेकावं. मी बाकाशी गेलो. कुणीतरी जरा सरकेल म्हणून थांबलो.

कुणीही सरकलं नाही. मी उभ्यानेच वाट पाहिली.