ओढ्यावरची पाळ

आमच्या शेजारच्या काकांच्या पूर्वजांनी गोंदियाकडं गावोगावी तलाव बांधले, आणि त्याचा त्रास मला कोकणात झाला. सुट्टीचा आठवडाभर काकांच्या पिकअपमध्येच राहायचं, ताडपत्रीखाली झोपायचं आणि किनाऱ्यानं फिरत जायचं, असं ठरलं होतं. वाटेत तळं दिसलं की ते गाडी थांबवत आणि मातीच्या पाळीवरून चालून आल्याशिवाय पुढं निघत नसत. पहिल्याच किनाऱ्यावर एक बारीक ओढा समुद्राला मिळताना त्यांना दिसला आणि आमचं फिरणं तिथंच संपलं. काका लुंगी खोचून दगड-वाळूची पाळ घालत. भरती आली की ती मोडून जाई. ओहोटी लागली की काका पुन्हा सुरू.

शेवटी मी वैतागून म्हणालो, "काका, सुट्टीवर आलोय आपण. चला ना पुढं."

"कायले जायचं? गोड पाणी खाऱ्यात जाऊन राहिलं, अन् तू फोटो काढून राहिला. दगड आण."

मी आणले. बाकीचं कोकण मी पाहिलंच नाही.

पुढच्या सुट्टीतही तिथंच जायचं, असं ते परवा म्हणाले. मी साफ नाही म्हणून सांगितलं, आणि घरी येऊन मोठं घमेलं शोधून ठेवलं.