बेटावरची हजेरी

माझ्या नोकरीत याहून मोठे गुन्हे पुष्कळ झाले, पण आठवायला बसले की आधी हेच प्रकरण समोर येते. त्यात रक्त नव्हते, पैसा नव्हता. एक डोळा होता, एक किल्ली होती आणि मोबाइलमधले एक बेट होते.

तेव्हा मी खडकी भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होते. सकाळच्या हजेरीनंतर आलेले अर्ज चाळायचे, तातडीचे, चौकशीचे आणि समज देऊन मिटवायचे असे तीन गठ्ठे करायचे, ही माझी रोजची पद्धत. त्या दिवशी हवालदाराने एक अर्ज गठ्ठ्यात न ठेवता सरळ माझ्या हातात दिला.

“मॅडम, बेट चोरीला गेलंय. पंचनाम्याला होडी मागवायची का?”

हवालदार शहरात विलीन झालेल्या एका गावातला. त्याच्या चेहऱ्यावरून थट्टा कधी ओळखू यायची नाही. मी त्याला गप्प केले आणि तक्रारदाराला आत बोलावले.

सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा, हातात प्लॅस्टिकची फाइल. संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त. पत्नी वारलेली, मुलगी परदेशात, घरात एकटे. चार वर्षांपासून ते मोबाइलवर एक खेळ खेळत. प्रत्येकाने आपले बेट सांभाळायचे, मासे धरायचे, झाडे लावायची. अशा तीस जणांचा गट, आणि हे काका त्या गटाचे प्रमुख. रोज हजेरी लावावी लागे. चार वर्षांत त्यांची हजेरी एकदाही चुकली नव्हती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांनी आठ दिवस फोन बंद करून कपाटात ठेवला. नवव्या दिवशी काढून पाहिले, तर खाते उघडेना. कुणीतरी पासवर्ड बदलला होता आणि त्यांच्या नावाने खेळत होता.

“बेटाची किंमत किती?” हवालदाराने रकाना भरण्यासाठी विचारले.

“शून्य. ते विकता येत नाही.”

“मग काका, नवीन खातं उघडा की. पाच मिनिटांचं काम हाय.”

काकांनी चष्मा काढला. एक डोळा अजून लाल होता. “उघडलं ना. नवीन खात्यातून त्या गटाच्या गप्पांचा फळा वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. त्या तीस जणांपैकी एकाचाही फोन नंबर माझ्याकडे नाही. ते रोज मला विचारतात, ‘काका, जेवलात का?’ आणि दुसराच कुणीतरी सांगतो, ‘जेवलो.’ मी बाहेरून वाचत बसतो.”

हवालदाराने रकाना कोराच ठेवला. मी अर्ज चौकशीच्या गठ्ठ्यात टाकला.

ठरावीक प्रश्न विचारले. पासवर्ड कुणाला दिला होता का? नाही. कुणाला ओटीपी सांगितला? नाही. अनोळखी लिंक, बक्षिसाचा मेसेज? “मॅडम, मी सदतीस वर्षं दारूगोळ्यात काढली. न बघता कशालाही हात लावत नाही.” मी तिन्ही उत्तरे लिहून घेतली. त्यांतले पहिले चुकीचे होते, पण खोटे नव्हते. हा फरक कळायला मला महिना लागला.

खेळाच्या कंपनीला पत्र पाठवले. उत्तर नाही. दुसरे पाठवले. तिसऱ्या पत्राला उत्तर आले, तेव्हा मीच चमकले. ज्या इंटरनेट जोडणीवरून पासवर्ड बदलला गेला, ती जोडणी तक्रारदाराच्याच घरची होती.

पोलिसाला सोपे उत्तर मिळाले की त्याचे डोके थांबते. माझेही थांबले. काकांना बोलावून घेतले आणि शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, “काका, शस्त्रक्रियेच्या गडबडीत तुम्हीच पासवर्ड बदलला असेल का? या वयात होतं असं.”

त्यांनी फाइल मांडीवर घेतली. “आपण म्हणता तसा मी विसरभोळा असतो, तर तक्रार करायचीही विसरलो असतो.”

हवालदार खोकल्याच्या निमित्ताने बाहेर गेला. मी अजूनही अर्ज बंद करण्याच्याच विचारात होते. तेवढ्यात काकांनी फाइलमधून कागदांचा गठ्ठा काढला. नवीन खात्यातून दिसणाऱ्या फळ्याची त्यांनी रोज छपाई करून आणली होती, तारीखवार लावून. मी स्वतः याद्या करणारी बाई. दुसऱ्याची नीट लावलेली फाइल परत करणे मला जमत नाही. वाचायला घेतली.

चोर असा असतो का, हा पहिला प्रश्न मला तिथे पडला. त्याने एकही मासा विकला नव्हता. हजेरी चुकवली नव्हती. उलट गटातल्या एका मुलीच्या परीक्षेची चौकशी केली होती, कुणाच्या आईच्या गुडघ्यासाठी शेक कसा द्यायचा ते सांगितले होते. आणि एका पानावर हे होते:

“काका, डोळा कसा आहे?”

“डाव्याचं झालं. थेंब दिवसातून तीनदा, अजून पंधरा दिवस.”

“गटाला शस्त्रक्रियेचं सांगितलं होतं?” मी विचारले.

“डोळ्याचं काम आहे, एवढंच.”

“डावा की उजवा?”

“कशाला सांगू? त्यांना काय करायचंय?”

मी कोरा कागद घेतला. डावा डोळा आणि तीन वेळा थेंब, हे दोन्ही माहीत असलेली माणसे. काका सांगत गेले, मी लिहीत गेले. डॉक्टर. औषधाचा दुकानदार. मुलगी. आणि थेंब घालायला येणारे खालच्या मजल्यावरचे शेजारी.

“त्यांना तुमचं इंटरनेट मिळतं का?”

“हो, मीच दिलंय. त्यांच्या बैठकीच्या खोलीपर्यंत नीट पोचतं.”

“आणि पासवर्ड?”

“नाही हो! तो कुणालाच दिलेला नाही. तो पाकिटात बंद आहे.”

“पाकीट कुठंय?”

“त्यांच्याकडेच. घराची जादा किल्ली असते ना त्यांच्याकडे, तिच्याबरोबर. मुलीचा नंबर, बँकेचे कागद कुठे आहेत ते, आणि खेळाचा पासवर्ड. माझं काही झालं तर गटाला कुणीतरी कळवायला नको?”

बोलता बोलता ते थांबले. किल्ली शेजारी ठेवणे म्हणजे किल्ली देणे नव्हे, हे आपल्याकडे इतके मुरलेले आहे की त्यांना त्यात पासवर्ड देणे दिसलेच नव्हते.

“ते नसतील, मॅडम,” काका म्हणाले. “ते दिवसातून तीनदा माझ्या डोळ्यात औषध घालत होते.”

शेजारी दुसऱ्या दिवशी दुपारी आले. पंचावन्न-छप्पनचे, एका कार्यालयातले कारकून, लग्न न केलेले. माझी पद्धत अशी की संशयिताला आधी साधे प्रश्न विचारायचे. चहा घेणार का, बस कितीची मिळाली. खोटे बोलणारा माणूस साध्या प्रश्नांचीही लांब उत्तरे देतो. हे गृहस्थ मात्र चहाला “नको” म्हणाले आणि खिशातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी अजून काही विचारलेच नव्हते.

“पाकीट मी फोडलं,” ते म्हणाले. “हजेरी चुकेल म्हणून ते झोपल्या झोपल्या तळमळत होते. म्हटलं, आठ दिवस आपण लावू. सांगणारही होतो.”

“मग सांगितलं का नाही?”

“पहिल्याच दिवशी तिघांनी विचारलं, डोळा कसा आहे. दुसऱ्या दिवशी सात जणांनी.” ते किल्लीकडे पाहत होते. “मॅडम, माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा कार्यालयातून एक फोन आला होता. कपाटाची चावी कुठंय, विचारायला.”

“आणि पासवर्ड बदललात.”

“आठवा दिवस संपत आला होता. वाटलं, अजून एक दिवस. मग पुढे रोज तसंच वाटत गेलं.”

“वरती ते रडकुंडीला आले होते, माहीत होतं ना?”

“रोज भेटत होतो. थेंब घालत होतो. ते मला म्हणायचे, चोर सापडू दे, मग बघतो.”

गुन्हा दाखल करण्याएवढे माझ्याकडे होते. काकांना बोलावून विचारले. त्यांनी फार वेळ घेतला नाही. खाते परत मिळावे, बाकी तक्रार नाही, असा जबाब लिहून दिला. शेजाऱ्यांनी माझ्यासमोर नवीन पासवर्ड सांगितला आणि हवालदाराने काकांना तो लगेच बदलायला लावला. काकांनी टेबलावरची किल्ली उचलली. दोघे एकाच इमारतीत राहणारे, पण काका आधी निघाले आणि शेजारी वीस मिनिटे बाकावर बसून राहिले.

महिन्याभराने काका अर्ज निकाली निघाल्याच्या कागदावर सही करायला आले. डोळा स्वच्छ झाला होता. गट काय म्हणतो, मी विचारले.

“विचारतात, ‘काका, मध्यंतरी किती छान बोलत होतात, आता परत गप्प का?’”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? डोळा बरा झाला म्हटलं.”

मी सहीची जागा दाखवली. मग सहज विचारावे तसे विचारले, “जादा किल्ली आता कुणाकडे?” त्यांनी खिशातून जुडगा काढून दाखवला. दोन सारख्या किल्ल्या एकाच कडीत होत्या.

“असं ठेवून उपयोग नाही, काका. हरवल्या तर दोन्ही एकदम जातील.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले.

मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर मी ज्येष्ठांच्या मंडळांत या विषयावर बोलते. पासवर्ड कुणालाही देऊ नका, ‘ठेवायला’सुद्धा नाही. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू ठेवा. खात्याचा ईमेल आणि नंबर आपलाच आहे ना, ते तपासा. कागदावर लिहायचेच असेल, तर कागद आपल्याच कुलपात ठेवा. लोक उतरवून घेतात. सल्ला बिनचूक आहे, आणि त्या प्रकरणात तो पाळला गेला असता तर काहीच घडले नसते. काकांची हजेरी आठ दिवस चुकली असती, एवढेच. शेजारी रोज तीनदा वर येत राहिले असते.

भाषण संपले की मी हडपसरला घरी येते. दाराशी जुडगा काढते, आणि दोन सारख्या किल्ल्यांपैकी कुठलीही एक लावते.