एकच विहीर

जयनगरच्या घरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळच्या कचेरीत पोचेपर्यंत यशोवर्धनची अर्धी सकाळ रस्त्यातच विरून जाई. घरी आई अंबुबाई एकटी. डोळ्यांत धुकं उतरल्यापासून ती गॅसजवळ जायला भिई आणि दुपारी गारढोण भात खाई. लिफ्टची पॅनेलं बनवणाऱ्या त्याच्या कंपनीच्या जयनगर शाखेत एक जागा रिकामी होती, घरापासून चालत जाण्याइतकी. यशोवर्धनला तेवढीच हवी होती.

"तुम्ही गेलात तर लिफ्टचं पॅनेल कोण सांभाळणार, यशोअण्णा?" साहेब हर्ष दर खेपेला हसून विचारत.

फास त्याचा त्यानेच विणला होता. 'दार बंद होत आहे', 'वजन जास्त झाले' अशी पॅनेलवर उमटणारी वाक्यं त्याने नवखेपणी सी भाषेत, एका हेडर फाइलीत लिहिली. ती फाइल प्रोग्रॅमच्या बाकी सगळ्या फाइलींनी ओढून घेतली. एकच नाव ठिकठिकाणी जन्मलं म्हणून फाइली एकत्र जोडणारा लिंकर अडून बसला. यशोवर्धनने प्रत्येक वाक्यामागे 'स्टॅटिक' जोडलं, म्हणजे ज्या त्या फाइलीपुरतं. लिंकर गप्प झाला, पण प्रत्येक फाइलीने सगळ्या वाक्यांची आपापली प्रत पोटात घेतली. गावाने दारोदार विहिरी खणाव्यात आणि पेरायला रानच उरू नये, तसं त्या इवल्या चिपचं झालं. नवं वाक्य आलं की जागेसाठी कुठे काय खरवडायचं, ते एकट्या यशोवर्धनला ठाऊक.

एका दुपारी अंबुबाईने भात गरम करताना हात भाजून घेतला.

"स्वल्पच भाजलंय रे. तू आपली बस पकड."

त्या आठवड्यात त्याने सगळी वाक्यं एकाच सी फाइलीत नेली. हेडरमध्ये ठेवली फक्त 'एक्स्टर्न'ची ओळख: वाक्य दुसरीकडे आहे, तिथून घ्या. विहीर एक, वाटा सगळ्यांना. चिप मोकळी झाली. नव्याने आलेल्या दिव्यश्रीने एक कन्नड वाक्य घातलंसुद्धा.

"तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं, अण्णा," ती म्हणाली.

हेच ऐकायला तो आसुसला होता. तो तडक साहेबांकडे गेला.

"फारच सुरेख," हर्ष म्हणाले. "आपली बाकीची पॅनेलं आहेत ना, तीही अशीच करून टाका. जयनगरचं मग बघू."

"ते दिव्यश्री करेल, साहेब."

"तिला शिकवायला तरी तुम्हीच लागाल."

तो लिफ्टमध्ये शिरला. पॅनेलवर त्याचंच वाक्य उमटलं: दार बंद होत आहे. खाली उतरून त्याने आईला फोन लावला.

"गरम राहील असा डबा आणतो तुला."

"म्हणजे जागा नाही मिळाली," अंबुबाई म्हणाली.