शेंदराखालची हाताजोडी

माझं काम लोकांना समजावून सांगणं म्हणजे डोकेदुखी. वनखात्यानं पकडलेलं मांस, कातडं, नखं कुठल्या प्राण्याची, हे मी डीएनएवरून ओळखते. दापोडीला माझ्या माहेरच्या गल्लीत याचा अर्थ 'योगिनी मेलेल्या जनावरांच्या दवाखान्यात आहे' असा झालाय. सासरी, रहाटणीत, जरा मान आहे. तिथं मी 'शास्त्रज्ञ सूनबाई'. त्या मानाचं काय झालं ते सांगते.

वनरक्षकांसमोर माझं व्याख्यान होतं. आदल्या संध्याकाळी घरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडून मी तालीम करत होते. विषय हाताजोडी. जोडलेल्या हातांसारखी दिसणारी ही वाळकी वस्तू घरात ठेवली की लक्ष्मी येते म्हणे. विकणारा जंगलातलं मूळ म्हणून विकतो. असतो तो घोरपडीचा अवयव. जवळ बाळगणं गुन्हा, जामीनसुद्धा कठीण. पडद्यावर फोटो आला आणि शेंगा सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर आपली डबीतली."

आपली डबी म्हणजे चाकणच्या शेडमधली. तिथं माझ्या सासऱ्यांची, अण्णांची, प्लास्टिक मोल्डिंगची दोन मशिनं आहेत. दर खंडेनवमीला मशिनांना हार घातले की शेंदूर-लवंगांत ठेवलेल्या त्या हाताजोडीला सगळं घर कपाळ टेकतं. लग्न झाल्यापासून मीही टेकतेय. घोरपडीवर प्रबंध लिहीत होते त्या वर्षी तर जरा जास्तच टेकलं होतं.

"मूळ आहे ते," अण्णा म्हणाले. "मंदीत घेतलं, आळंदीला एका जडीबुटीवाल्याकडून. तेव्हापासून मशिन थांबलं नाही."

"मूळ नाही अण्णा. नर घोरपडीचा अवयव असतो."

"कसला अवयव?"

आता सासऱ्याला काय सांगणार, कपाळ? परिषदेत मी तो शब्द माइकवर म्हणते. घरात माझी दातखीळ बसली. सासूबाईंना कळलं, त्यांनी तोंडाला पदर लावला. मग अण्णांनाही कळलं आणि त्यांनी हळूच स्वतःचं कपाळ पुसलं.

हसू ओसरल्यावर मला घाम फुटला. लॅबमध्ये नेली तर नोंद होणार. खरी निघाली तर अण्णा आत. "गपचूप इंद्रायणीत सोडून देऊ," मी म्हणाले. वा रे शास्त्रज्ञ.

"आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात सापडली तर?" अण्णा म्हणाले. "त्याला आत टाकणार ना तुम्ही? मग ने ही. काय निघेल ते निघेल."

बोलता बोलता त्यांनी शेडची किल्ली माझ्या हातात ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरचा मामला म्हणून मी डबी दिपालीमॅडमच्या, म्हणजे आमच्या वरिष्ठांच्या, हातात दिली, सगळं सांगितलं आणि बाहेर बसले. अहवाल आला तो माणसाच्या डीएनएचा. घोरपडीचा मागमूस नाही. "तुमच्या घरच्यांनी कपाळं घासून घासून ठेवलीत," मला आत बोलावून मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी हाताजोडीला तापलेली सुई टेकवली. वितळत्या प्लास्टिकचा वास सुटला. तो वास मला पाठ आहे. अण्णांच्या शर्टाला रोज येतो.

घरी आणल्यावर शेंदूर धुऊन गेलेली हाताजोडी अण्णांनी खिडकीशी नेऊन उलटी केली. खालच्या एका गोल खुणेवर त्यांचं नख थांबलं.

"मोल्डमधून माल बाहेर ढकलणाऱ्या पिनची खूण आहे ही," ते म्हणाले. "वाकडी पडलीय. आपलीच पिन वाकडी होती."

मंदीच्या आधी एका व्यापाऱ्यानं त्यांच्याकडून शोभेच्या वस्तू म्हणून असल्या जोड्यांची पोतीच्या पोती काढून घेतली होती. त्यातलीच एक शेंदूर फासून त्यांनाच विकली गेली. शेंदूर पुसू नका, लक्ष्मी जाईल, असं बजावून.

मी सुटकेनं ढसाढसा रडले. अण्णा मात्र तोंड पाडून बसले. तुरुंगाला एवढे घाबरले नव्हते.

"मग इतकी वर्षं मशिन चाललं कुणामुळं?" त्यांनी विचारलं.

"कुणामुळं म्हणजे?" सासूबाई शेंगांवरून मान न उचलता म्हणाल्या. "डबा कुणाचा जात होता रोज चाकणला?"

यंदा खंडेनवमीला डबी पुन्हा मशिनापुढं होती. मी अण्णांकडे बघितलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आपल्या हातचं काम आहे."

यंदा पहिल्यांदाच समोर काय आहे ते नीट माहीत असताना मी कपाळ टेकलं.