बाईंच्या बोटांना पटलेला कीबोर्ड

"बोटाला पटलं पाहिजे," असं म्हणून बाई डोळे मिटायच्या आणि तर्जनी स्विचवर ठेवायच्या. माझ्या बारामतीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कीबोर्डच्या बटणांखालचे नमुन्याचे स्विच लावलेली एक पट्टी आहे. कॉलेजची पोरं ती कडाकडा वाजवून बघतात. बाई मात्र लग्नाचं पातळ पारखावं तशा एकेक स्विच हळूच दाबून मान हलवायच्या. "हा न्हाय. पुढचा."

बाई इंदापूरला टायपिंगचा क्लास चालवायच्या. तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांनीच वळवली, असं लोक म्हणत. बाई म्हणत, "निम्म्या कशाला? सगळ्याच." पण आता त्यांचेच सांधे दुखू लागले होते. एक पान टाइप केलं, की हात पदराखाली घेऊन बसावं लागे.

"मला करून दाखवता आलं न्हाय, तर क्लासला कुलूप," त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं. "नुसतं तोंडानं शिकवायला मी काय पुढारी हाय?"

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो. काही टकटक करतात, काही मध्येच अडखळतात. लिनिअर स्विच सरळ खाली जातो आणि सरळ वर येतो, बोटाला कुठं अडथळा नाही. बाईंना लिनिअरच हवेत, यावर आमचं लगेच जमलं. वाजलं ते वजनावरून, म्हणजे बटण दाबायला किती जोर लागतो त्यावरून. त्यांनी सगळ्यात हलका उचलला. तो गेम खेळणारी पोरं नेतात.

"बाई, हा तुम्हाला जमायचा नाही. नुसती फुंकर मारली तरी अक्षर उठतं."

"बोटं माझी दुखत्यात का तुझी?"

तेच स्विच कीबोर्डात दिले बसवून.

आठवड्याच्या आत बाई कीबोर्ड काखेत मारून हजर. झालं असं, की टायपिंगच्या क्लासात आठही बोटं मधल्या ओळीवर टेकवून बसायची शिस्त असते. बाई तशाच बसून पोरींना धडा समजावत होत्या आणि बोटांच्या नुसत्या भारानं पडद्यावर अक्षरांची रांग लागली. पोरी ओढणी तोंडाशी धरून हसल्या.

"जन्मभर पोरींना बोटं टेकवायला शिकवलं. आता मीच अधांतरी धरू व्हय?" बाईंचा चेहरा एवढासा झाला होता. मला फार वाईट वाटलं. माझंच खरं ठरलं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

मी मधल्या ओळीतले हलके स्विच उपटले आणि तिथं जरा दमदार स्प्रिंगचे लिनिअर बसवले. बाकी सगळे हलकेच ठेवले. बाईंनी बोटं टेकवली. पडदा कोराच राहिला. मग त्यांनी अख्खं पान एका दमात टाइप केलं.

"पटलं का?"

"बोटाला पटलं. तुझं नंतर बघू."

त्या कीबोर्डवर बाईंनी पुढं दोनेक वर्षं क्लास रेटला. लासुर्ण्याची एक पोरगी तेव्हाच आली. भावाबरोबर गेम खेळून तिची बोटं भलतीच चपळ झाली होती, पण बटणं ठोकायची सवय. बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. "अगं, गोळ्या घालती का अक्षरं लिहिती?" असं दिवसभर चालायचं. पोरगी हसायची आणि पुन्हा टाइप करायची.

बाई आता नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या दिवाळीनंतर, कीबोर्ड साफ करायला बोलावलं होतं तेव्हा. बाई पोरींच्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या खुर्चीत लासुर्ण्याची ती पोरगी, लाजेनं अर्धी झालेली.

"माझी बोटं संपली बघ," बाई मला म्हणाल्या. "पण कुलूप लावायचं न्हाय. हिला येतंय करून दाखवायला."

मी कीबोर्ड साफ करायचा ब्रश काढला. बाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. वाकडी झालेली बोटं त्यांनी मांडीवर जुळवली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात खुर्चीतल्या पोरीला विचारलं,

"बाई, आज काय शिकवणार?"