नोटीस घरी समक्ष बजावली

सरकारच्या मते मी माझ्या घरात राहत नव्हते. हे मला सरकारने माझ्याच घरी माणूस पाठवून कळवलं.

सक्करदऱ्याच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी आमची बौद्धांची वस्ती होती. सत्तरच्या दशकात एका पावसाळ्यात नाला घरांत शिरला आणि मातीच्या भिंती बसल्या. घर पुन्हा बांधायला सरकारने अनुदान दिलं. अट एकच होती, बांधलेल्या घरात स्वतः राहायचं. नंतर वर उंचावर प्लॉट मिळाले, तसे एकेक करून सारे तिकडे गेले. जाताना छपरावरचे कवेलूसुद्धा काढून नेले. विहारही तिकडेच झाला. मी गेले नाही. नवरा पुराच्या आधीच वारला होता, भिंती मी एकटीने गाऱ्यात पाय घालून उभ्या केल्या होत्या. शिवाय माझा स्वभाव हट्टी, सगळे चला म्हणाले की माझा पाय तिथेच रुततो.

मी घरी बिड्या वळायची. एका दुपारी तयार माल ठेकेदाराकडे पोचवायला गेले आणि नेमका तेव्हाच पाहणीवाला आला. दाराला कुलूप, आजूबाजूला ओसाड. त्याने लिहून टाकलं, घर बंद, वास्तव्य नाही. झालं. अनुदान परत करा, नाहीतर घराची जप्ती.

नोटिसा वरच्या वस्तीतही गेल्या, कारण ते तर खरोखरच घरं सोडून गेले होते. त्यांनी जुना उपाय केला. दारच उघडायचं नाही. नोटीस हातात घेतली नाही तर ती आलीच नाही, असं आमच्याकडे पक्कं समजतात. नणंद मला रागावली, "तू घेतेच काहून वं? आतून कडी लावून बसत जा ना."

मी कडी कधी लावली नाही. आता सांगायला लाज कसली, मला दारावरची थाप हवी होती. त्या गल्लीत दोन-दोन दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे. कधी उगीच मोठ्याने काहीतरी बोलायची, आवाज शाबूत आहे की नाही ते बघायला.

नोटीस आणणारा तहसीलचा शिपाई रिटायरला आलेला, सडपातळ माणूस होता. सायकल भिंतीला टेकवून वही पुढे करायचा.

"बाई, सही करा. मले अजून चार घरं करायची आहेत."

"बसा ना भाऊ. वाचल्याबिगर सही करत नाही मी."

तो पायरीवर बसायचा. मी चहाचं आधण ठेवायची आणि नोटीस पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचायची, मुद्दाम सावकाश. सगळ्या नोटिसा सारख्याच असायच्या, हे त्यालाही ठाऊक होतं. चहा संपला की तो वहीत तारीख, वेळ टाकून लिहायचा, 'नोटीस घरी समक्ष बजावली.'

शेवटी मी कोर्टात गेले. वकिलांनी कपाळाला हात लावला. "सगळ्या नोटिसा घेतल्या?" मग म्हणाले, तुम्ही तिथे राहता हे सांगणारे दोन शेजारी आणा.

शेजारी! मी वरच्या वस्तीत गेले. पुराच्या वेळी जिच्यासोबत शाळेच्या व्हरांड्यात एका चादरीत झोपले होते, तिच्याकडे. ती म्हणाली, "मी कोर्टात उभी राहिली तर मलेच विचारतीन, बाई, तू कुठं राह्यते?" तिचं बरोबरच होतं. तरी मी तिच्याकडचं पाणीही न पिता निघून आले.

कोर्टात सरकारी वकील म्हणाले, या बाई तिथे राहतात असं सांगणारा एकही माणूस नाही. माझा पारा चढला.

"साहेब, शेजारीच राह्यले नाहीत तर सांगतीन कोण? अन् मी तिथं राहत नाही तं इतक्या नोटिसा कोणाले देल्या? भुताले?"

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी शिपायाची वही मागवली आणि पुढच्या तारखेला त्यालाच साक्षीला बोलावलं. पानोपानी तेच वाक्य निघालं. सरकारी वकिलांनी विचारलं, बाईंना बाहेरून बोलावून सही घेतली असेल ना? शिपाई चाचरला.

"नाही जी साहेब. घरातच राह्यते बाई. दर वेळी चहा करून देते. साखर कमी टाकते."

पुन्हा हशा पिकला. माझे डोळे मात्र भरून आले. मी आहे, तिथे राहते, हे चार लोकांत कोणीतरी सांगितलं होतं. आणि साखरेचं त्याने आधी कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

निकाल माझ्या बाजूने लागला. वसुली रद्द, घर वाचलं. तहसीलचा तसा हुकूम घरी येईल, असं वकील म्हणाले. मी साखर आणून ठेवली. दोन्ही कप राखेने लख्ख घासले. सायकल वाजली की कान तिकडे जायचे. मग वकिलांकडूनच कळलं की नोटीस द्यायला जातो तिथे चहा पितो म्हणून शिपायाला दुसऱ्या भागात टाकलं. माझ्यामुळेच झालं ते. तरी वाटायचं, हा एवढा कागद तोच आणेल.

एका सकाळी पावलं वाजली. मांडीवरचं बिड्यांचं सूप खाली ठेवून, लुगड्यावरचा तंबाखू झटकून मी उठेपर्यंत ती परत फिरली होती. दार उघडलं. कोणी नवा शिपाई सायकलवर गल्लीच्या टोकाला पोचला होता. त्याने थाप मारलीच नव्हती. बंद घराला लावतात तसा हुकूम दाराला डकवून गेला होता. खळ अजून ओली होती. अर्जदार बाई याच घरात राहतात, असं त्यात लिहिलं होतं.

मी दारात उभी राहून तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचला.